नाडीभाऊंचा उजवा हात

यंत्राजवळून हात न लावता गेलेले नाडीभाऊ मी कधी पाहिले नाहीत. सकाळी प्रेसशॉपमध्ये शिरले की सायकलची किल्ली खिशात जायच्या आधीच त्यांच्या उजव्या हाताची पालथी बोटं पंपाला टेकलेली असत. मग तळहात पाइपावर जाई आणि डोळे मिटत. आजारी लेकराचं अंग आई बघते तसा तो सगळा प्रकार. "याले आज बरं नाही," डोळे न उघडताच ते म्हणत, "आतून कण्हून राहिला." आणि संध्याकाळपर्यंत तो प्रेस हटकून बंद पडायचा. संध्याकाळी नाही पडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पडायचा; पण नाडीभाऊंनी सांगितल्यावर चालत राहण्याची त्याची हिंमत नव्हती.

खरं नाव शामराव. हजेरीपट सोडला तर ते नाव कुठे वापरात नव्हतं. नवीन भरती झालेला माणूस 'नाडीभाऊ' ऐकून आधी त्यांच्या पायजम्याकडे बघायचा आणि सगळं शॉप हसायचं. तेही हसत. "पाहून घे गा, पक्की बांधली आहे," असं वर सांगत. उंच, काटकुळे, खांद्यावर दुपट्टा, इमामवाड्याहून हिंगणा रोडपर्यंत सायकल हाणत यायचे. उन्हाळ्यात नागपूरचं ऊन डांबर वितळवत असतानाही त्यांना मी धापा टाकताना पाहिलं नाही. आल्याबरोबर मात्र सायकलच्या चाकालाही हात लावून बघत. सवयच ती.

आमचा कारखाना स्टीलचे गंज, म्हणजे उभट खोल भांडी, आणि पातेली करायचा. सपाट चकती प्रेसखाली ठेवायची, वरून दांडा उतरतो, चकतीचा गंज होतो. दांडा उतरतो तो तेलाच्या दाबानं, आणि ते तेल कधी, कुठे, किती जाईल हे वॉल्व्ह ठरवतात. इतकं मला माहीत होतं. मी स्टोअरकीपर होतो. स्टोअरकीपर हा मुळातच संशयी प्राणी. मागितलेली वस्तू कपाटात असली तरी आधी 'नाही' म्हणायचं आणि मग बघायचं, अशी माझी रीत. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल, मी नवा होतो, आणि नाडीभाऊ खिडकीशी येऊन म्हणाले, "स्टोअरबाबू, मामाची स्प्रिंग द्या."

"कोणाच्या मामाची?" मी विचारलं.

मागे उभी असलेली मंडळी खो खो हसली. नाडीभाऊ मात्र आत आले, खोक्यावर बसले आणि मला शांतपणे समजावू लागले. "हे पाहा बाबू. दाब म्हणजे घरातलं भांडण समजा. वाढत चाललं, कोणालेच आवरेना, की मामा मधात पडते. म्हणते, चला, बस झालं, टाकीकडे चला, थंडे व्हा. तेल टाकीत जाते, घर वाचते. मामा नसन तर घर फुटते." हा झाला रिलीफ वॉल्व्ह. तेलाला एकाच बाजूनं जाऊ देणारा, परत न येऊ देणारा जो चेक वॉल्व्ह, तो 'उंदराचा पिंजरा'. तेलाला इकडे वळ, तिकडे वळ, थांब असं सांगणारा 'हवालदार'. "व्हरायटी चौकातला नाही का, एक हात वर केला की बर्डीची सगळी गर्दी थांबते, तसा." तेल किती सोडायचं ते ठरवणारा 'वाढपी'. आणि तेल दाबून साठवून ठेवणारी ती लोखंडी बाटली, अॅक्युम्युलेटर, तिला ते 'नागोबा' म्हणत. पंप बंद केला तरी तिच्या पोटात दाब तसाच राहतो. "नागोबा डूख धरून बसते. तुम्ही विसरता, तो नाही विसरत."

मी कॅटलॉगमधली इंग्रजी नावं पुढे केली. ती त्यांना येत होतीच. "हे कंपनीसाठी," ते म्हणाले. "माणसासाठी नाव असं पाहिजे का ऐकलं की काम समजलं." वर्ष संपायच्या आत माझ्या स्टोअरच्या मांडण्यांवर मामा, पिंजरा, हवालदार, वाढपी अशा चिठ्ठ्या लागल्या. इंजिनियरसाहेब पहिल्यांदा बघून हसले. पुढे तेच फोनवर सांगू लागले, "अहो, तीन नंबरचा वाढपी बदलायला घ्या."

त्यांचं एक वाक्य सगळ्या शॉपला पाठ होतं. कोणी म्हणालं, पंप दाब कमी देतोय, की ते चिडत. "पंप दाब देत नाही गा! पंप बिचारा तेल ढकलते. दाब येते तो आडवं कोणी आलं म्हणून. आडवं कोणी नसन तर दाब कायचा?" हे ते यंत्राबद्दल बोलत की संसाराबद्दल, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. माझ्या घरी तेव्हा आई आणि बायको यांचं जरा तापलं होतं. मी डबा न आणता कँटीनमध्ये जेवायला लागलो, तेव्हा त्यांनी काही न विचारता एवढंच म्हटलं, "बाबू, घरातला मामा कँटीनमधी बसला तर घरचं कसं होईन?" मी दुसऱ्या दिवसापासून डबा आणू लागलो. भांडण मिटलं नाही, पण घरही फुटलं नाही.

आणखी एक रीत त्यांनी पाडली होती. कोणताही पाइप खोलायच्या आधी नागोबाचा दाब सोडायचा, आणि पाना लावणाऱ्यानं मोठ्यानं विचारायचं, "नागोबा उतरवला?" दुसऱ्यानं तितक्याच मोठ्यानं म्हणायचं, "उतरवला!" साप चावलेल्याचं विष उतरवतात ना, त्यातला हा शब्द. उत्तर आल्याशिवाय पाना फिरत नसे. बाहेरचा माणूस आला की त्याला वाटायचं, हे काय भजन चाललंय. पण त्या रीतीमुळे आमच्याकडे कोणाच्या तोंडावर कधी तेल उडालं नाही. दाब आत असताना पाइप खोलू नये हे नाडीभाऊंना ठाऊक होतं. दाब आत असताना पाइपाला नुसता हात लावण्यातही धोका असतो, हे मात्र तेव्हा आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

देविदास आला तो पारशिवनीकडून. शेतावरचा मुलगा, आयटीआय करून फिटर म्हणून लागलेला. त्याच्या हाताला नाडीभाऊंसारखंच कळायचं. पाइपावर तळहात ठेवून तो सांगायचा, "भाऊ, पिंजऱ्यात कचरा आला वाटते," आणि पिंजरा खोलला की खरंच कचरा निघायचा. नाडीभाऊंना दोन मुली, दोघी सासरी गेलेल्या. देविदास आल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो मी पाहिला आहे. "माह्यापेक्षा याचा हात चांगला आहे," हे ते मला, साहेबांना, कँटीनवाल्याला, सगळ्यांना सांगत सुटले. दुपारच्या सुट्टीत दोघं एकाच पाइपावर हात ठेवून डोळे मिटून बसत. मी स्टोअरच्या खिडकीतून ओरडायचो, "अरे, लग्न लागलं का नाही अजून?" दोघांपैकी कोणी डोळे उघडत नसे.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. गंजांची मागणी जोरात होती आणि मोठ्या प्रेसचा दाब दाखवणारा काटा हळूहळू पडत होता. म्हणजे कुठेतरी दाब गळत होता, पण खाली तेलाचा थेंब नाही. नाडीभाऊंनी प्रेस चालूच ठेवायला सांगितला आणि नेहमीसारखा उजवा तळहात पाइपावरून सावकाश फिरवत नेला. वळणाजवळ त्यांचा हात झटकन मागे आला. "मुंगी चावली," ते म्हणाले आणि हसले. "सापडलं. इथंच आहे. तेलाची मुंगी आहे." पाइपाला डोळ्यांना न दिसणारं भोक पडलं होतं. नागोबा उतरवून पाइप बदलला, प्रेस पुन्हा चालू झाला. मी त्यांचा हात पाहिला तर तर्जनीच्या मुळाशी मोहरीएवढा ठिपका. रक्तसुद्धा नव्हतं. त्यांनी तो पायजम्याला पुसला आणि सायकलवर बसून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले! हात सुजलेला, बोटं ताठ, चेहरा राखेसारखा. "झोप नाही लागली," एवढंच म्हणाले. साहेबांनी तो हात पाहिला आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनीही आधी काटा टोचला असेल असंच धरलं. असं काही त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. हात उघडला तेव्हा आतून तेल निघालं. पाइपातलं तेल त्या मोहरीएवढ्या ठिपक्यातून सुईसारखं आत शिरलं होतं आणि मनगटापर्यंत पसरलं होतं. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. शेवटी हात मनगटाच्या वरून काढावा लागला.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी कलावतीवहिनी खाटेच्या पायाशी बसल्या होत्या. नाडीभाऊ छताकडे बघत होते. मी काय बोलणार? डबा, साहेब, पगार चालू राहील असलं काहीबाही बोललो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बाबू, मले वाटे तेल माह्या ओळखीचं आहे." मला रडू आवरेना, म्हणून मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

कामावर परत आल्यावर नाडीभाऊंनी डावा हात लावून बघितला. रोज यायचे, डावा तळहात पंपावर ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि मग मान हलवायचे. बरेच दिवस हे चाललं. एकदा मी जवळ होतो. "हा बहिरा आहे," डाव्या हाताकडे बघत ते म्हणाले. "याले काही ऐकूच येत नाही." साहेबांनी त्यांना माझ्या हाताखाली स्टोअरमध्ये दिलं. हाताखाली कसलं? मीच त्यांच्या शेजारी जपून बसायचो. उजवी बाही ते खाली ओढून घेत आणि वर दुपट्टा टाकत. कोणाची नजर तिकडे गेली की खोटंच खोकत.

पण स्टोअरच्या खिडकीतून प्रेसशॉप दिसायचं, आणि तिथे काय दिसायचं? सगळे जण पाइपाला हात लावत होते. का नाही लावणार? वर्षानुवर्षं त्यांनीच शिकवलं होतं, "आधी हात लावा, मंग पाना उचला." एकेका माणसाचा तळहात त्यांनी स्वतःच्या हातानं पाइपावर दाबून धरला होता. माझ्या शेजारी बसून ते हे बघायचे आणि त्यांच्या कपाळावर घाम यायचा. "हे सगळे हात मीच लावले तिथं, बाबू," असं एकदा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला: आपला हात गेला तो गेला, दुसऱ्या कोणाचा जाता कामा नये.

माझ्या स्टोअरमधले रिकामे खोके फाडून ते पुठ्ठ्याचे तुकडे करायचे. डाव्या हातानं आणि दातांनी फाडत. मी कात्री दिली तर घेत नसत. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ते दारात उभे राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला पुठ्ठा देत. "गळती पुठ्ठ्यानं शोधजो गा. हातानं नाही." लोक घेत आणि आत गेल्यावर टाकून देत. मग एके दिवशी नाडीभाऊंनी दुपट्टा काढून ठेवला, उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली आणि तो थोटा हात उघडा घेऊन दारात उभे राहिले. ज्या माणसाला नुसती नजर सोसत नव्हती, तो आता येणाऱ्याच्या हातावर आपला थोटा टेकवायचा. "पाहून घे. मुंगीच चावली होती." मी खिडकीतून तोंड फिरवून घ्यायचो.

याचं फळ काय मिळालं? लोक त्यांना टाळू लागले. ज्यांना बघून शॉप खुलायचं, त्यांना बघून आता लोक मागच्या दारानं आत शिरू लागले. "सकाळी सकाळी अपशकुन," असं मी माझ्या कानांनी ऐकलं. "भाऊचं नशीब खराब, त्याले कोण काय करन?" असंही ऐकलं. त्यांनाही ऐकू जात होतं. पण ते दारातून हलले नाहीत.

सगळ्यात अडून बसला तो देविदास. तो पुठ्ठा घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि खिशात ठेवायचा. हात मात्र पाइपावरच. "भाऊ, मले हाताशिवाय काही समजतच नाही," तो कळवळून म्हणायचा. "तुम्हीच तर म्हणत होते, देवा, तुह्या हातात विद्या आहे." त्याच्या हातातली विद्या नाडीभाऊंनाच सर्वांत जास्त कळत होती.

एक दिवस मोठ्या प्रेसचा दांडा वरती ठरेना, आपोआप खाली सरकू लागला. देविदास पुढे झाला आणि त्यानं तळहात त्याच वळणाकडे नेला. माझ्या शेजारचं स्टूल उलटलं एवढंच मला कळलं. नाडीभाऊ धावत गेले आणि त्यांनी त्या थोट्या हातानं देविदासच्या तोंडावर मारलं. सगळ्यांसमोर. देविदास लटपटला, गाल धरून उभा राहिला. मग म्हणाला, "तुमचा गेला म्हणून सगळ्याइचे हात तोडून ठेवता काय, भाऊ?"

नाडीभाऊंनी पुठ्ठा उचलला आणि सगळ्या पाइपावरून फिरवला. पुठ्ठा कोरडाच राहिला. पाइप ठणठणीत होता, आतलं सील गेलं होतं. एक-दोघं हसले. गोष्टीत असतं तर पुठ्ठ्याला भोक पडलं असतं आणि देविदास पाया पडला असता. आमच्याकडे तसं काही झालं नाही. साहेबांनी देविदासला बाजूला नेऊन समजावलं, पण महिना संपायच्या आत त्यानं कामठीकडच्या एका कारखान्यात नोकरी धरली. जाताना तो स्टोअरच्या खिडकीशी आला, मला नमस्कार केला, आणि शेजारी बसलेल्या नाडीभाऊंकडे न बघता निघून गेला.

त्यानंतर नाडीभाऊ कमी बोलू लागले. दारात उभं राहणं सोडलं नाही. साहेबांनी पुढे हुकूमच काढला, पाइपाला हात लावणाऱ्याचा त्या दिवसाचा खाडा, तेव्हा लोक नाइलाजानं पुठ्ठा वापरू लागले. पण पगाराच्या भीतीनं आलेली शिस्त बघून त्यांना सुख झालं नाही. ते अधूनमधून मला विचारायचे, "कामठीकडची काही बातमी?" मी म्हणायचो, "नाही." "हात बरा असन ना त्याचा?" ते विचारत. "असणारच," मी म्हणायचो. मला काय ठाऊक?

निवृत्तीनंतर ते फार जगले नाहीत. पोटाचं काही दुखणं होतं, ते वाढत गेलं. मी शेवटचा भेटलो तेव्हाही त्यांनी तेच विचारलं आणि मीही तेच उत्तर दिलं. त्यांच्या जाण्यानं मला जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्या स्टोअरमध्ये नंतर कितीतरी माणसं बसली, पण त्या स्टुलावर कोणी बसलं की मला राग यायचा.

पुण्यानुमोदनाला इमामवाड्यातल्या त्यांच्या घरापुढे मांडव होता. वंदना झाली, भिक्खूंचं भोजन झालं, पंगती उठत होत्या. कारखान्यातली माणसं आली होती, बरीच आली होती. पंगती संपता संपता देविदास आला. अंगानं भरला होता, केस थोडे पांढरे झाले होते. तो सरळ आत जाऊन वहिनींसमोर जमिनीवर बसला. मी दारातच होतो.

"काकू," तो म्हणाला, "तिकडे मी आता फोरमन आहो. माह्या हाताखालच्या कोण्याच पोराले मी पाइपाले हात लावू देत नाही. पुठ्ठा देतो. एका पोरानं ऐकलं नाही, त्याची दोन बोटं गेली. त्या दिवसापासून भाऊले सांगाले येतो येतो म्हणत होतो. या रविवारी जाईन, त्या रविवारी जाईन..."

वहिनींनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाल्या, "जेवला का?"

"भूक नाही, काकू."

त्या उठल्या, स्वतः ताट वाढून आणलं, वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, आणि त्याच्यापुढे ठेवून तिथेच बसल्या. नाही म्हणायची सोय नव्हती. देविदासनं हात धुतला, भात कालवला आणि मान खाली घालून जेवू लागला. वहिनींची नजर त्याच्या तोंडाकडे नव्हती. त्या त्याच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. पाची बोटं भातात फिरत होती, घास उचलत होती.

"लय दिवस झाले गा," त्या म्हणाल्या, "या घरात माणूस उजव्या हातानं जेवताना पाहून."

देविदासचा हात थांबला.

"थांबू नको," वहिनी म्हणाल्या. "खाय. मले पाहू दे."